कपाटाचं दार आपोआप लागतं, बिजागऱ्या बदलल्या तरी लागतंच

प्रश्न थोडक्यात असा आहे. उभं कपाट, दोन दारांचं. दार उघडून हात सोडला की ते आपलं आपण परत येतं आणि लागतं, दोन्ही हात आत गुंतलेले असताना नेमकं कोपरावर येऊन बसतं. बिजागऱ्यांना तेल घालून झालं, मग जुन्या काढून नव्या कोऱ्या बिजागऱ्या लावून झाल्या, तरी काडीचा फरक नाही. आता आणखी भारीतल्या घ्यायच्या का?

नका घेऊ. आणि तेल घातलं असेल ना, तर ते आधी पुसून काढा. तेलानं दार आणखी पळतं. बिजागरीत जो थोडा जडपणा होता तेवढाच दाराला धरून ठेवत होता, तोही तुम्ही घालवलात. मी सुतारकामात आणि फिटिंगमध्ये सत्तावीस वर्षं आहे, आणि "दार आपोआप लागतंय" म्हणून बोलावलेल्या दहा ठिकाणांपैकी आठ-नऊ ठिकाणी बिजागरीचा काही म्हणजे काही दोष नसतो. दोष असतो त्या बिजागऱ्या ज्याच्यावर मारल्यात त्या खोक्याचा, तो कललेला असतो, आणि डोळ्याला दिसणार नाही इतकाच कललेला असतो म्हणून सगळा आळ बिजागरीवर जातो.

आधी हे होतं कसं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं आहे. वरच्या बिजागरीच्या पिनमधून खालच्या बिजागरीच्या पिनपर्यंत मनातल्या मनात एक सरळ रेघ ओढा. दार फिरतं ते या रेघेभोवती. रेघ जर अगदी उभी असेल, ओळंब्यात असेल, तर दार कुठंही सोडा, तिथंच थांबणार, कारण फिरताना त्याचं वजन ना वर चढतं ना खाली उतरतं, एकाच पातळीवर गोल फिरतं. पण रेघ जराशी जरी कलली तर दाराच्या वाटेला चढ आणि उतार तयार होतो, आणि दार उतारानं जातं, दुसरं काही नाही. रेघेचा माथा ज्या दिशेला झुकला असेल त्या दिशेला उतार. खात्री करायची असेल तर एखादी जाड पुठ्ठ्याची वही टेबलावर उभी धरा, कणा उभा, आणि कणा जरासा एका अंगाला कलता करा, पुठ्ठा आपोआप त्या अंगाला जाऊन पडेल. तुमच्या कपाटात तेच चाललंय फक्त हळू.

लोक म्हणतात एवढ्याशा कलानं काय होणार. हिशोब करून बघू. कपाट २००० मिमी उंच आहे आणि माथा १२ मिमी मागं गेलाय, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश अंश, नुसत्या नजरेला हे कळणं अशक्य. दाराचं वजन ८ किलो धरा. दार लागायला आलेलं असताना मुठीपाशी जोर किती येतो तर वजनाच्या निम्मं गुणिले कल, म्हणजे ४ किलो गुणिले ०.००६, साधारण २४ ग्रॅम. ऐकायला काहीच नाही वाटत, पण चांगल्या नव्या बिजागरीचं घर्षण याच्याही खाली असतं बऱ्याचदा, मग दार निघतं. आणि म्हणूनच जुन्या गंजक्या बिजागरीवर जे दार वर्षानुवर्षं गुपचूप उभं होतं ते नव्या बिजागरीवर धावायला लागतं, आणि मग "नवीन माल निकृष्ट" म्हणून शिव्या खातो तो माल.

वजनाबद्दलही एक गैरसमज आहे, दार जड आहे म्हणून लागतं असं. रेघ उभी असेल तर शंभर किलोचं दारही हलणार नाही. पण रेघ कललेली असेल तर वजन वाढेल तसा तो जोर वाढतो. दाराच्या आतून आरसा लावला की हे हमखास होतं. काच दर चौरस मीटरला दर मिमी जाडीमागं अडीच किलो भरते, म्हणजे ४ मिमीचा ४५० बाय १५०० चा आरसा पावणेसात किलोच्या आसपास, दाराच्या स्वतःच्या वजनाच्या निम्म्याच्या वरच गेला तो. कल आधीपासून होता, आरशानं तो उघडा पाडला, इतकंच.

आता कल कुठल्या दिशेला आहे हे शोधायचं, आणि याला हत्यार लागत नाही, दारच सांगतं. हा भाग नीट वाचा कारण इथंच बहुतेक जण चुकतात आणि भलत्याच पायाखाली पुठ्ठा सारतात.

दोन दारांचं कपाट असेल तर फार सोपं आहे. दोन्ही दारं आपोआप लागत असतील तर कपाटाचा माथा मागं, भिंतीकडं गेलाय. दोन्ही आपोआप उघडत असतील तर माथा पुढं आलाय, आणि हे धोक्याचं आहे, त्यावर नंतर बोलतो. एक दार लागतंय आणि दुसरं उघडतंय असं असेल तर कपाट आडवं कललंय. उजवीकडं कललं तर डाव्या बिजागरीचं दार लागेल आणि उजव्या बिजागरीचं उघडेल, डावीकडं कललं तर उलटं. मूळ प्रश्नात एकच दार लागतंय का दोन्ही ते सांगितलेलं नाही, तर आधी तेवढं बघा, अर्धं निदान तिथंच होतंय.

एकच दार असेल तर तीन ठिकाणी सोडून बघायचं. आधी काटकोनात म्हणजे बरोबर समोर उभं उघडून सोडा, मग साधारण ६० अंशावर, मग ४० वर. कपाट आडवं कललेलं असेल तर काटकोनात जोर सगळ्यात जास्त असतो, दार तिथून लगेच निघतं आणि लागत येईल तसा जोर कमी कमी होत जातो. कपाट मागं कललेलं असेल तर बरोबर उलटं, काटकोनात जवळजवळ काहीच जोर नसतो, दार तिथं तोल सांभाळून उभं राहू शकतं, जरा आत ढकललं की हळू निघतं आणि पुढं वेग घेत धाडकन आपटतं. आणि काटकोनाच्या जरा पलीकडं ढकललं तर ते लागायच्या ऐवजी आणखी उघडून बाजूच्या भिंतीला टेकतं आणि तिथंच बसून राहतं. हे लक्षण दिसलं की समजा माथा मागं गेलाय, पाणसळ, म्हणजे बुडबुड्याची लेव्हल, नंतर लावा. काही दारं ना पूर्ण लागतात ना पूर्ण उघडतात, कुठूनही सोडली तरी एका ठरावीक कोनात येऊन थांबतात. ती दारं तर बाणासारखी दिशा दाखवतात, दार जिकडं तोंड करून थांबलं तिकडंच माथा झुकलाय, दोन्ही दिशांचा कल एकत्र झालाय.

एक अपवाद इथंच सांगून टाकतो. दाराला कप बिजागरी असेल, म्हणजे दाराच्या आतून ३५ मिमीचा गोल कप खणून बसवलेली, तर तिच्यात स्प्रिंग असते आणि ती शेवटच्या २५-३० अंशांत दार स्वतःहून ओढून घेते. ते तसंच करायला बनवलंय. तुमचं दार फक्त थोडंसंच उघडं ठेवल्यावर लागत असेल आणि अर्ध्याच्या वर उघडल्यावर थांबत असेल तर दुरुस्त करायला काही नाहीच. त्यात सॉफ्ट क्लोज असेल तर तो डँपर दार ओढत नाही, तो फक्त शेवटी वेग मारतो, ओढणारी स्प्रिंगच. मी अशी माणसं बघितलीत ज्यांचं दार काटकोनातून आपोआप येऊन गुपचूप लागायचं आणि ते कौतुकानं सांगायचे की आमचं सॉफ्ट क्लोज फार भारी आहे, अख्खं दार ओढतं. त्यांचं कपाट कललेलं होतं. मी काही बोललो नाही, सुखी होते.

आता मोजायचं. त्याआधी सगळ्या बिजागऱ्यांचे सगळे स्क्रू आवळून घ्या, दाराकडचे पण आणि खोक्याकडचे पण, ढिल्या बिजागरीवर घेतलेलं माप खोटं येतं. पाणसळ असेल तर ती ज्या बाजूला बिजागऱ्या आहेत त्या उभ्या फळीला दोनदा लावायची, एकदा पुढच्या कडेवर म्हणजे पुढं-मागं कल कळेल, एकदा फळीच्या सपाट अंगावर म्हणजे डावं-उजवं कळेल. आणि पाणसळीवर आंधळा विश्वास नको, तीच जागा तीच कड, पाणसळ फिरवून टोकं उलटी करून परत बघा, बुडबुडा दोन्ही वेळेला एकाच बाजूला तेवढाच सरकला पाहिजे, नाहीतर तुमची पाणसळच वाकडी आहे. माझ्या मते या कामाला साधा ओळंबा सगळ्यात बरा, दोऱ्याला काहीतरी जड बांधून कपाटाच्या माथ्यावरून पुढं एक पट्टी काढून सोडायचा, वरती दोरा आणि कड यातलं अंतर मोजायचं, खाली मोजायचं, जो फरक येईल तो तुमचा कल, मिमीमध्ये, थेट. फोनमधलं पाणसळीचं ॲप या कामाला घेऊ नका, फोनच्या मागं कॅमेऱ्याचा उंचवटा असतो आणि आपला सगळा खेळ पाव-अर्ध्या अंशाचा आहे. आणखी एक, कपाट भरलेलं असताना मोजा. रिकामं कपाट सरळ उभं असतं आणि सामान भरलं की जमीन दबते किंवा एखादा पाय रुतून बसतो असं बऱ्याचदा होतं.

कल सापडला की तो आला कुठून हे बघायचं, नाहीतर आज सरळ कराल आणि चार महिन्यांनी परत तिथंच.

मागं कललेल्या उंच कपाटात माझा पहिला संशय स्कर्टिंगवर असतो. भिंतीच्या पायथ्याशी १०-१२ मिमीची पट्टी असते, कपाटाचा तळ तिला अडून भिंतीपासून तेवढा लांब राहतो, आणि वरती कपाट पडू नये म्हणून पट्टी मारून भिंतीला आवळलेलं असतं. आवळणाऱ्यानं जोर लावून वरची फट मिटवली की झालं, माथा मागं आला, तळ होता तिथंच. वर जो १२ मिमीचा हिशोब केला तो हाच. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका घरात ओळीनं तीन कपाटं अशी आवळून आलोय, फट दिसायला नको म्हणून, आणि सहाच्या सहा दारं लागायला लागल्यावर बिजागऱ्या बदलून दिल्या स्वतःच्या खिशातनं. दुसऱ्या वेळेला जाऊन बघितलं तेव्हा कळलं. उपाय काय, तर वरचा स्क्रू ढिला करा, भिंत आणि कपाट यांच्यामध्ये जेवढी फट पाहिजे तेवढ्या जाडीचं प्लायचं पॅकिंग टाका आणि मग आवळा. स्क्रू काढून टाकू नका बरं का, उंच कपाट भिंतीला बांधलेलं पाहिजेच, लहान मूल दाराला लोंबकळलं तर अख्खं कपाट अंगावर येतं. दुसरा मार्ग म्हणजे कपाटाच्या उभ्या फळ्यांना मागून खाली स्कर्टिंगच्या मापाची खाच मारायची, म्हणजे कपाट भिंतीला सपाट टेकतं. दिसायला हे जास्त चांगलं, पण त्याला कपाट रिकामं करून आडवं करावं लागतं, बरेच जण तिथंच कंटाळतात. आणि हे भिंत ओळंब्यात असेल तरच, भिंतच मागं गेलेली असेल तर खाच मारून कपाट परत तिच्याबरोबर मागं जाणार.

जमिनीचा उतार असेल तर पायाखाली पॅकिंग. माथा मागं गेला असेल तर मागचे पाय उचलायचे, डावीकडं गेला असेल तर डावे. आणि इथं हात आखडता घ्या, कारण उंच आणि कमी खोलीच्या कपाटात पायाचं थोडंसं माप वरती मोठं होऊन येतं. ६०० मिमी खोल आणि २००० मिमी उंच कपाटाचे मागचे पाय ३ मिमी उचलले की माथा १० मिमी पुढं येतो. म्हणजे वरचा १२ मिमीचा कल काढायला साडेतीन मिमी पुरे. एकदम जाड लाकडाचा तुकडा सारू नका. कागद-पुठ्ठ्याची घडी पण नको, ती वजनानं आणि ओलीनं दबते, प्लॅस्टिकची किंवा पातळ प्लायची पट्टी घ्या. आटे असलेले पाय असतील तर अर्धा फेरा, मग दार बघा, मग परत अर्धा. आणि चारही पाय जमिनीवर सारखे टेकलेत ना ते हलवून बघा, एक पाय अधांतरी राहिला तर कपाट त्या बाजूला पिळलं जातं.

आता तो धोक्याचा मुद्दा. काही हुशार लोक दार लागू नये म्हणून कपाट मुद्दाम पुढं कलतं करतात. असं कधीही करू नका. दारं उघडली की त्यांचं सगळं वजन आधीच पुढं येतं, त्यात ड्रॉवर बाहेर ओढलेला असला तर आणखी, आणि त्यात माथाही पुढं झुकलेला. आपल्याला कपाट सरळ करायचंय, उलट्या बाजूला वाकडं नाही. थोडासा मागचा कल राहिला आणि दार हळूच लागत राहिलं तर ते चालेल, पुढचा कल नको.

मग येतं फसवं प्रकरण. जमीन सपाट, पाणसळ माथ्यावर आडवी ठेवली तर बुडबुडा मध्यात, तरी एक दार लागतंय आणि एक उघडतंय. उभ्या फळीला ओळंबा लावा, फळी कललेली दिसेल. म्हणजे खोका काटकोनात राहिलेला नाही, पत्त्याच्या डबीसारखा एका अंगाला सरकलाय. खोक्याला काटकोनात धरून ठेवतं ते काय असतं तर त्याची पाठ, मागची पातळ शीट. ती जर फक्त बारीक खिळ्यांवर असेल आणि कपाट दोन-चारदा ओढत इकडून तिकडं नेलं असेल तर खिळे ढिले होतात, पाठ आपली नावापुरती राहते. तपासायचं कसं तर समोरून दोन्ही कर्ण मोजा, वरचा डावा कोपरा ते खालचा उजवा, आणि उलटा. दोन्ही सारखे आले पाहिजेत. फरक आला तर कपाट रिकामं करा, ज्या कर्णाचं माप जास्त आहे त्या कोपऱ्यांवर दाब देऊन दोन्ही मापं सारखी करून घ्या, आणि तशीच धरून पाठ परत स्क्रूनं पक्की करा, खिळ्यानं नाही, दर १५०-२०० मिमीवर एक स्क्रू. पाठ फुगलेली किंवा कडेनं चुरलेली असेल तर नवीनच टाका. पायाखाली पॅकिंग देऊन या कपाटाचं दार थांबवता येतं, पण ते म्हणजे वाकडं कपाट तिरकं उभं करून सरळ दाखवणं झालं, आणि ते पुढं आणखी सरकतच राहतं.

भिंतीवर टांगलेल्या कपाटांची गंमत वेगळी. किचनमधली वरची कपाटं बघा, ओट्यावरच्या टाईल कपाटाच्या तळाच्या जरा वर जाऊन संपतात आणि वरती नुसतं प्लास्टर. कपाटाची खालची कड टाईलवर टेकते, वरची प्लास्टरवर, मध्ये टाईलच्या जाडीचा फरक. ८ मिमीची टाईल आणि ७०० मिमीचं कपाट म्हणजे अर्ध्या अंशाच्याही वर कल, उंच कपाटाच्या जवळजवळ दुप्पट. वरून पॅकिंग देऊन कपाट सरळ टांगायचं हा उपाय आहे, फिटिंग करतानाच केलं तर दहा मिनिटांचं काम, नंतर करायचं तर कपाट रिकामं करून, खालून टेका देऊन, वरचे स्क्रू ढिले करून. टेका दिल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका आणि एकट्यानं तर नकोच.

इतकं सगळं बघूनही खोका सरळ निघाला, तर मग बिजागऱ्या. पण त्यातही फरक आहे. कप बिजागरीत दाराच्या चारी बाजूंच्या फटी सारख्या असतील, दार खोक्याला वर-खाली सारखं टेकत असेल आणि कपाची भोकं दाराच्या काठापासून सारख्या अंतरावर असतील, तर बिजागऱ्यांची रेघ खोक्याला समांतरच असणार, वेगळी असूच शकत नाही, कारण फिरण्याची जागा कपावरून ठरते आणि कप दारात पक्का असतो. या बिजागरीला एकच पिन नसते, आत पट्ट्यांची जोडणी असते, पण हिशोब तोच. म्हणून कप बिजागरीच्या कपाटात नीट बसलेलं दार पळत असेल तर नव्या बिजागऱ्या आणणं म्हणजे ताप आलेल्याचा शर्ट बदलणं. आणि झिरो क्रँकच्या जागी आठ किंवा सोळा क्रँक आणून बघू असं कुणी सुचवलं तर त्याला नम्रपणे नाही म्हणा, क्रँक म्हणजे बिजागरीच्या हाताचा बाक, त्याचा संबंध दार फळीवर किती चढतं याच्याशी आहे, कलाशी नाही. डेप्थचा स्क्रू फिरवून वरची बिजागरी मिमीभर पुढं आणि खालची मिमीभर मागं घेतली तर थोडा कल मारता येतो हे खरं, ६०० मिमी अंतरावर दोन मिमी म्हणजे अंशाचा पाचवा हिस्सा, पण मग दार वरून उघडं दिसतं. मला नाही आवडत. अगदीच भिंतीत बसवलेलं कपाट असेल, हलवता येत नसेल, तर करा.

साध्या पानाच्या बिजागरीत, म्हणजे दोन पानं आणि मध्ये पिन, तिथं मात्र गडबडीला भरपूर वाव. पटाशीनं खाच मारताना वरची खाच दीड मिमी कमी झाली आणि खालची खोल गेली की पिना एका ओळीत राहत नाहीत. चौकटीत आत बसणारं दार आपोआप लागत असेल आणि कल आडवा असेल, तर खालच्या बिजागरीच्या चौकटीकडच्या पानामागं पातळ कार्ड घाला, पोस्टकार्डाच्या जाडीचं एक, मग बघा, लागलं तर दुसरं. यानं खालची पिन दाराच्या मोकळ्या कडेकडं सरकते आणि रेघ उभी होते. दार मुठीच्या बाजूला खाली घासायला लागतं का ते तपासत जा. लागलं तर तिकडं कार्ड वाढवण्यापेक्षा वरच्या बिजागरीची खाच जराशी खोल करा. कल मागचा असेल तर कार्डानं भागत नाही, एक बिजागरी पुढं-मागं सरकवावीच लागते, त्यासाठी जुनी भोकं लाकडी काड्या सरसात बुडवून ठोकून भरून घ्यायची, पूर्ण वाळू द्यायची, मग नवीन भोक पाडायचं. न भरता जुन्या भोकाच्या शेजारी दोन मिमीवर भोक पाडलं तर स्क्रू घसरून जुन्यातच जातो, प्रत्येक नवशिक्या हे एकदा करतोच.

तीन बिजागऱ्यांचं दार असेल तर मधलीचे स्क्रू काढून बघा. दोन बिंदूंतून रेघ जाते, तिसरा त्याच रेघेवर असला तर ठीक, नसला तर तिन्ही एकमेकींशी भांडतात, दार कधी जड फिरतं कधी एका जागी येऊन उसळतं. मधली काढल्यावर दार शहाण्यासारखं वागलं तर मधली परत लावताना दार अर्धं उघडं ठेवून तिला ज्या जागी बसायचंय तिथं बसू द्या, मग स्क्रू. आता काढलीच आहे तर राहू दे असं मात्र नको. ९०० मिमीपर्यंतच्या दाराला दोन, १६०० पर्यंत तीन आणि २००० पर्यंत चार हा कप बिजागरीचा साधारण हिशोब आहे, दार जड असलं तर त्याहून एक जास्त.

उलटा आजार पण असतो, दार लावलं की परत उघडतं. त्याचं कारण कल नसला तर बहुतेक वेळा पानांच्या मधे काहीतरी अडकतंय, स्क्रूचं डोकं वर आलेलं असतं किंवा खाच जास्त खोल झाल्यामुळं दार आणि चौकट आधी एकमेकांना टेकतात आणि बिजागरी वाकून स्प्रिंगसारखी दार परत ढकलते. डोकं पूर्ण बसेल असा स्क्रू घाला, खोल खाचेत कार्ड घाला, संपलं.

कपाट हलवता येत नाही, भिंत पाडता येत नाही, भाड्याचं घर आहे, असं असेल तर कल तसाच ठेवून दार धरून ठेवायचं. बाजूला भिंत किंवा दुसरं कपाट असेल तर दार पूर्ण उघडल्यावर जिथं टेकतं तिथं छोटा मॅग्नेट आणि दाराला पत्र्याची चकती, सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ उपाय. नाहीतर घर्षणाचा स्टे मिळतो, म्हणजे दार सोडाल तिथं धरून ठेवणारी दांडी, स्क्रू आवळून जडपणा कमी-जास्त करता येतो, तो लावा. पिन निघणाऱ्या पानाच्या बिजागरीत जुना उपाय आहे, पिन काढायची, दोन टोकं टेकवून मध्ये हातोडीनं एक हलका ठोका, किंचित वाकली की परत ठोकून बसवायची, तेवढ्यानं दार जड होतं. दोन्ही पिना एकदम काढू नका, दार हातात येतं. कपाटाच्या बिजागऱ्यांची पिन बहुतेक वेळा निघत नाही, त्यामुळं हे खोलीच्या दारांनाच जास्त चालतं. दारामागं कापडाची घडी खोचणं हा पण उपायच आहे, मी हसणार नाही, माझ्या स्वतःच्या कपाटाला दोन वर्षं तीच होती.

वर उचलायचं झाकण, म्हणजे गॅस पंपवालं शटर खाली येत असेल तर त्याला वरचं काहीच लागू नाही. तिथं पंपातला गॅस गेलेला असतो, किंवा शटरला नंतर मायका, काच काहीतरी चढवून वजन वाढवलेलं असतं. पंपाच्या नळीवर आकडा छापलेला असतो, ६० एन, ८० एन, १०० एन असा, एन म्हणजे न्यूटन, तो जोर आहे. जुनं शटर जुन्या वजनाचंच असेल तर तोच आकडा घ्या, वजन वाढलं असेल तर वरचा, आणि एक गेला असला तरी जोडी बदला, नाहीतर शटर एका बाजूनं तिरकं उचललं जातं. जुना पंप कापायचा, भोक पाडायचा प्रयत्न करू नका, आत दाबाखाली गॅस असतो. नवीन बसवताना शटर लागलेलं असताना बारीक दांडा खाली आणि जाड नळी वर येईल असं बघा, तसं ठेवलं की आतलं तेल सीलवर राहतं आणि पंप जास्त चालतो. आणि बदलताना कुणालातरी शटर धरायला लावा, डोक्यावर टेकवून दोन्ही हातांनी क्लिप काढायला गेलात तर दुसरी क्लिप निघाल्यावर ते सगळं वजन मानेवर येतं.